बंदिवान वास्तुशिल्पी

१८१२ साली ब्रिस्टलचा वास्तुशिल्पज्ञ फ्रान्सिस ग्रीनवे याने बनावट दस्तऐवज केल्याचा गुन्हा कबूल केला. त्या काळच्या इंग्लंडात या अपराधाला फाशीच होती. पुढे शिक्षा सौम्य होऊन १४ वर्षांची हद्दपारी, आपल्या बोलीत काळे पाणी, त्याच्या वाट्यास आली.

१८१४ च्या फेब्रुवारीत तो सिडनीस उतरला. गव्हर्नर मॅक्वारी यांना नगर उभारावयाचे होते. त्यांनी हा कैदी हेरला व १८१६ साली रोजी तीन शिलिंगांवर सरकारी वास्तुशिल्पी नेमला. दीपगृह बांधले तेव्हा त्यास सशर्त माफी मिळाली. मग आली हाइड पार्क बराक. तोवर बंदिवान दिवसा सरकारी काम करीत व रात्री गावात आपापल्या बिऱ्हाडी राहत. त्यांतील सुमारे ६०० जणांना एका छपराखाली आणणारी ही विटांची वास्तू आजही पाहणाऱ्याचे डोळे निववते. १८१९ साली ती पुरी झाली आणि ग्रीनवेला पूर्ण माफी मिळाली. सोबत्यांना कोंडणारे घर बांधून तो स्वतः मोकळा झाला!

स्वभाव मात्र ताठ. मॅक्वारी परतल्यावर, १८२२ साली, त्याला नोकरीवरून दूर करण्यात आले. १८३७ साली तो दारिद्र्यात वारला. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने डॉलरचे नवे चलन काढले, तेव्हा दहा डॉलरच्या नोटेवर मुद्रा छापली ती या बनावट कागद करणाऱ्याची.