फिरत्या बिऱ्हाडाचा आराखडा

माघी यात्रेची गर्दी ओसरल्यावर एके सकाळीं मी ओझरला विघ्नेश्वराच्या दर्शनास गेलों होतों. बरोबर माझी थोरली बहीण व अमेरिकेंतून रजेवर आलेला तिचा मुलगा अशीं दोघें होतीं. १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनीं या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखरावर सोनें चढविलें, असें सांगतात. दर्शन आटोपून आम्ही दीपमाळेपाशीं सावलींत टेकलों, तेव्हां भाच्यानें खिशांतून एक कागद काढून माझ्यापुढें धरला. त्यावर घराचे तीन नकाशे होते. मात्र हें घर जमिनीवर बांधावयाचें नव्हतें. मोटारीनें ओढून रानोमाळ न्यावयाचें, असें तें चाकांवरचें घर होतें.

तिकडे या जातीच्या घरास ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पांचवें चाक, असें नांव आहे. घोड्याच्या बग्गीच्या पुढच्या आंसावर एक आडवी कडी असे. तिच्या आधारें पुढचीं चाकें वळत, म्हणून कारागीर तिला पांचवें चाक म्हणत. आज ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीवर, मागच्या आंसाच्या वर, जो जोड बसवितात त्यास तेंच नांव मिळालें आहे. विमानें बांधणाऱ्या ग्लेन कर्टिस या अमेरिकन गृहस्थानें १९२८ च्या सुमारास ‘एअरोकार’ नांवाचें असें घर बाजारांत आणलें होतें. भाच्यास पेन्शन घेण्यास अजून अवकाश आहे, परंतु मुलें लहान आहेत तोंवर त्यांना व आपल्या आईला तो सारा देश दाखवावा, अशी त्याची इच्छा. “मामा,” तो म्हणाला, “एकांत स्वयंपाकघर मागें आहे, एकांत मध्यें आहे आणि तिसऱ्यांत मुलांना वेगळी खोली आहे. यांतलें कोणतें घ्यावें?”

मी इतिहासाचा विद्यार्थी. मोटारीच्या शास्त्रांत माझी गति नाहीं. तरी हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे, असें मला वाटलें. फिरत्या बिऱ्हाडांत काय घ्यावें, कोठें ठेवावें आणि काय मागें टाकावें, हा विचार आपल्या लोकांनीं शतकानुशतकें केला आहे; कधीं शहाणपणानें केला आहे, आणि कधीं न केल्यामुळें प्राणांचें मोल दिलें आहे. श्रोतेहो, त्या सकाळीं भाच्याला जें सांगितलें तेंच आज थोड्या विस्तारानें आपल्यापुढें मांडतों.

प्रथम बैलगाडीकडे पाहूं. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळीं कोंकणच्या बंदरांतला माल याच वाटेनें घाटावर चढे. घाटमाथ्यावर नागनिका राणीचा लेख असलेलें लेणें व जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही आहे. अशा मुलुखांत ओझें कसें लादावें हें ज्ञान पोथींतून शिकावें लागत नाहीं. आपल्या शेतकऱ्याजवळ त्यासाठीं दोन नेमके शब्द आहेत. ओझें पुढें फार झालें तर गाडी ‘धुरजड’ होते व बैलांच्या मानेवर बसते. मागें फार झालें तर ती ‘उलाळ’ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांचा गळा आवळतो. गाडीवान एक पोतें पुढें सरकवितो, एक मागें ओढतो, आणि मग पराणी हातीं घेतो.

भाच्याच्या कागदावरचें घर याच नियमानें बांधलेलें होतें. अशा घराच्या एकंदर वजनापैकीं सुमारें पंचमांश ते चतुर्थांश वजन ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीवर पडतें. स्वयंपाकघर मागें नेऊन त्यांत भांडीं, डबे व शीतपेटी भरली कीं एक हिशेब होतो. पुढच्या शयनगृहांत कपड्यांचीं कपाटें ठासलीं कीं दुसरा. म्हणून मीं त्याला पहिला प्रश्न केला, “घराचा नकाशा मागाहून पाहूं. आधीं हें सांग, कीं ओढणारा बैल कोणता?” मोटार अजून ठरली नव्हती. पुष्कळ लोक घर आधीं पसंत करितात आणि मग तें आपल्या मोटारीस झेपत नाहीं असें त्यांच्या ध्यानांत येतें.

दुसरा धडा धनगरांचा आहे. दिवाळीनंतर पुणें-साताऱ्याकडचे धनगर मेंढरें घेऊन कोंकणांत उतरतात आणि पावसाळ्याच्या आधीं परततात. त्यांच्या उघड्यावरच्या तळालाही ‘वाडा’ असेंच म्हणतात, हें ऐकून पुण्याच्या वाड्यांत राहणाऱ्यांस गंमत वाटेल. या वाड्याला भिंत नसते. मेंढरांभोंवतीं जाळ्याची वाघर उभी केली कीं वाडा झाला. पुरुष मेंढरांमागें जातात. बिऱ्हाड घोड्यांवर लादून पुढच्या मुक्कामीं नेणें व तेथें चूल मांडणें हें बायकांचें काम. उतरल्यावर जें प्रथम लागणार तें शेवटीं लादावयाचें, एवढा साधा नियम. पण तो चुकला तर अंधार पडल्यावर तव्यासाठीं सारें बिऱ्हाड उपसावें लागतें. ज्या बाईला चूल मांडावयाची, तिनेंच घोडें लादावें, यांत मोठें शहाणपण आहे. भाच्यानें तीन नकाशे आणले होते. ते सूनबाईंना दाखविले होते काय, हें मीं मुद्दाम विचारलें.

आतां याच्या अगदीं उलट टोंकाकडे वळूं. अबुल फजलनें ‘ऐने अकबरी’मध्यें अकबराच्या छावणीचें वर्णन केलें आहे. एका मुक्कामाचें सामान नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० हमाल लागत. डेरे उभारणारे फरास १०००, पाणके १०० आणि झाडूवाले १५०, असा त्याचा लवाजमा होता. बादशहाचे डेरे दुहेरी असत. तो एका मुक्कामीं निजला असतां दुसरा संच पुढच्या मुक्कामीं उभा राही. त्यास पेशखाना म्हणत. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्यानेंही ही रीत नोंदली आहे. सोय पाहिली तर याहून अधिक कोणती असणार? पण ही सोय शेंकडों जनावरांच्या पाठीवर उभी होती.

तीच छावणी औरंगजेबानें दक्षिणेंत आणली. १६९५ सालीं जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी गलगलें येथें तिच्यांत आला. तिचा घेर ३० मैल आणि बाजार २५० असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. हें घर नव्हे, चालतें नगरच. पण नगर चालूं लागलें कीं त्याला चिखल, नदी आणि पावसाळा यांची गांठ पडते. १७०० सालच्या ऑक्टोबरांत माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें मध्यरात्रीं पूर आला व तळ वाहून गेला. पळापळींत बादशहाचा पाय घसरून गुडघा निखळला आणि तो जन्माचा लंगडा झाला. एवढ्या मोठ्या बिऱ्हाडाला एका रात्रींत उठतां येत नाहीं, हा त्या पुराचा निष्कर्ष.

ज्या मराठ्यांच्या पाठीस तो लागला होता, त्यांच्या बिऱ्हाडाचा आराखडा शिवछत्रपतींनीं घालून दिला होता. ओझरहून फार दूर नसलेल्या शिवनेरीवर १६३० सालीं त्यांचा जन्म झाला, आणि १६५७ सालीं याच जुन्नरावर त्यांनीं रात्रीं छापा घातला. दोरांच्या शिड्यांवरून तट चढून घोडे व द्रव्य नेलें. जो दोराच्या शिडीवरून चढतो त्याला पेशखाना परवडत नाहीं. सभासदानें बखरींत लष्कराचे नियम दिले आहेत. पावसाळ्याचे चार महिने फौजेनें छावणींत घालवावे, दसऱ्यानंतर आठ महिने मुलुखगिरीवर असावें, आणि स्वारींत बायका, बटकी वा कलावंतिणी नसाव्या. नियम मोडणारास देहान्त शिक्षा. यांतला कडकपणा आज आपल्या अंगावर येईल. पण त्यामागचा विचार पाहावा. घर कोणतें आणि प्रवास कोणता, यांची त्यांत स्वच्छ वांटणी होती. जें घरींच शोभतें तें घरींच ठेवावें, म्हणजे प्रवासाचें बिऱ्हाड हलकें राहतें.

पुढें राज्य वाढलें तशी ही वांटणी पुसट झाली. १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हां फौजेबरोबर बुणग्यांचा मोठा जमाव होता. पार्वतीबाईंसारख्या घरंदाज स्त्रिया होत्या, तीर्थयात्रेस निघालेलीं माणसें होतीं, बाजार होता. जड सामान व कुटुंबें मागें ठेवून सडें व्हावें, असा सल्ला मल्हारराव होळकरांसारख्या अनुभवी सरदारानें दिला, असें बखरकार सांगतात. तो मानला गेला नाहीं. ऑक्टोबरांत अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. पानिपतावर दाणा-वैरण संपली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं जी लढाई झाली तींत लढणाऱ्यांना न लढणाऱ्यांभोंवतीं गोल बांधून चालावें लागलें. पराभवाचीं कारणें अनेक आहेत व पंडितांचे वाद अजून चालूं आहेत. परंतु बिऱ्हाड ज्याला ओढावयाचें त्याच्याच गळ्यांत तें अडकलें, गाडी उलाळ झाली, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. आणि दोष त्या बायकामुलांचा मुळींच नव्हता. त्यांना बरोबर घेतलें, पण त्यांची जागा आराखड्यांत कोणी धरली नाहीं.

मोठी छावणी मुळांतच वाईट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १८०९ सालीं थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी राजपुतान्यांत दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याचीं पत्रें १८१३ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. मराठी छावणीला नांवें ठेवण्यास तो चुकत नाहीं. पण एका गोष्टीचें त्यानें लक्षपूर्वक वर्णन केलें आहे. बिनीवाला पुढें जाऊन जागा पाही व महाराजांच्या डेऱ्यांसाठीं पांढरें निशाण रोंवी. मागून एकेका बाजाराचा झेंडा येई व ठरलेल्या ठिकाणींच लागे. दुकानांच्या दोन रांगांमधून छावणीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एकच सरळ रस्ता निघे. गांव रोज नवें, पण घराचा पत्ता तोच! माणसाला परक्या मुलुखांत घर वाटतें तें छपरामुळें नव्हे. काळोखांत हात घातला असतां पाण्याचा तांब्या जागच्या जागीं सांपडतो, यामुळें वाटतें.

ओझराहून थोड्याच अंतरावर नारायणगांव आहे. वसंत ऋतूंत तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पंच येऊन जत्रांच्या सुपाऱ्या ठरवितात. हीं माणसें आठ-आठ महिने बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतात. पूर्वी बैलगाड्यांतून, आतां मोटार-लॉऱ्यांतून. त्यांच्या आराखड्यांत रंगमंचाला, वाद्यांना, पेट्यांना जागा असते. विठाबाई नारायणगांवकर यांची हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. दिवस भरले असतां त्या उभ्या राहिल्या, खेळ चालूं असतां पडद्यामागें प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां रंगमंचावर आल्या. या धैर्याला आपण नमस्कार करितों, आणि करावाच. पण त्याबरोबर हेंही मनांत यावें, कीं ज्या बिऱ्हाडावर इतक्यांचें पोट होतें, त्यांत एका बाळंतिणीपुरती आडोशाची जागा कोणी आंखली नव्हती.

एवढें बोलून मी थांबलों. भाचा कागदाकडे पाहत होता. इतका वेळ गप्प असलेली ताई तेव्हां प्रथम बोलली. “अरे, यांत मी निजावयाचें कोठें?” त्यानें बोट दाखविलें: मागच्या बाजूस खिडकीजवळ कोंच होता, तो रात्रीं उलगडला कीं बिछाना होई. “आणि न्हाणीघर?” तें पुढें होतें, मोटारीच्या पाठीवर जो उंच भाग येतो त्यांत, तीन पायऱ्या चढून. ताईचे गुडघे कसे आहेत हें आम्हां दोघांनाही ठाऊक होतें. देवळाच्या पायऱ्या ती आमच्या खांद्यांवर हात ठेवूनच उतरली होती. “रात्रीं दोनदां उठावें लागतें रे मला,” एवढेंच ती म्हणाली.

मग आम्ही तिघांनीं तो कागद नव्यानें पाहिला. या घरांच्या कांहीं भिंती मुक्कामीं बाहेर सरकतात व खोली रुंद होते. प्रवासांत त्या आंत घ्याव्या लागतात. चित्र पाहणारास रुंद दिवाणखाना तेवढा दिसतो. पण दुपारीं रस्त्याच्या कडेला थांबून मुलांना दूध द्यावयाचें असेल आणि आंत सरकलेली भिंत शीतपेटीच्या दारावर बसली असेल, तर त्या रुंदीचा काय उपयोग? म्हणून असें घर पाहावयास जावें तें भिंती मिटवून पाहावें. चुलीपर्यंत जातां येतें काय, न्हाणीघराचें दार उघडतें काय, पाणी किती मावतें, भरलेल्या घराचें वजन किती होतें, हे प्रश्न आधीं; गाद्यांचा रंग मागाहून. आणि प्रत्येक माणसानें आपल्या निजावयाच्या जागीं खरोखर आडवें होऊन पाहावें.

भाच्यानें कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूस घरांतल्या माणसांचीं नांवें लिहिलीं. सर्वांत वर त्यानें आईचें नांव घातलें. नकाशा त्या दिवशीं ठरला नाहीं. पण कोणता नकाशा घ्यावयाचा नाहीं, हें मात्र विघ्नेश्वराच्या दारांत ठरलें. आणि ताई उठतांना पूर्वीपेक्षां थोडी हलकी वाटली.