बाजारातल्या अंड्याला बाप होता तेव्हा

पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या किराणा दुकानातून आणलेलं पांढरं अंडं उबवायला ठेवलं, तर त्यातून पिल्लू निघत नाही. थर्माकोलचा खोका, बल्ब, तापमापी, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी असं सगळं जमवलं, ऊब ३७.५ अंशांवर एकवीस दिवस राखली, अंडं दिवसातून चार वेळा फिरवलं, तरी निघत नाही. मग कोणी फ्रिजला दोष देतं, कोणी ‘इंजेक्शन’ला, कोणी खाद्यातल्या औषधांना. खरं कारण फार साधं आहे. ते अंडं घालणाऱ्या कोंबडीने कोंबडा कधी पाहिलेलाच नसतो. शाळेच्या पुस्तकातला प्रश्न इथे सुटतो, पण इतिहासाचा प्रश्न इथूनच सुरू होतो: बाजारातलं अंडं पिल्लू द्यायचं थांबलं केव्हा, आणि का? विकतच्या अंड्यातून घरी पिल्लं काढणं ही हल्लीची हौस समजली जाते. या पट्ट्यापुरतं तरी मला ते उलटं दिसतं. विकतची किंवा मागून आणलेली अंडी कोंबडीखाली बसवणं ही इथली जुनी घरगुती रीत. रीत तीच राहिली, अंडं बदललं.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके ५ ऑक्टोबर २०२३ला छिंदवाड्यातून निघून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाले. त्याआधी नागपूरकर भोसल्यांचं राज्य, १८५४मध्ये ते खालसा झाल्यावर इंग्रजांचा मध्य प्रांत, आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात, तर मराठी बोलणारे हे तालुके दुसऱ्या राज्यात, मध्य प्रदेशात. बाहेरच्या वर्तमानपत्रांना पांढुर्णा वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरतं आठवतं. एरवी इथली संत्री आणि कापूस. कोंबडीचं नाव या यादीत नाही, कारण कोंबडीवर कोणी सारा बसवला नाही. जमिनीचा, बैलांचा, मोहाच्या दारूचा हिशेब दप्तरात सापडतो, खुराड्याचा नाही. त्यातून कोंबडी हा जातीची पायरी ठरवणारा प्राणी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे जे चार खंड काढले, त्यांत जातीमागून जातीची नोंद करताना ही मंडळी कोंबडी खातात की नाही, हे आवर्जून टिपलं आहे. ज्याच्या दारात कोंबड्या, त्याचं घर बहुधा गावकुसाबाहेर, गोंडांच्या ढान्यावर, म्हणजे वस्तीवर, किंवा मुसलमान मोहल्ल्यात. लिहिणाऱ्यांची घरं वेगळी होती. त्यामुळे या धंद्याचा इतिहास कागदापेक्षा त्याच्या रीतींतूनच वाचावा लागतो.

ती रीत अशी. गावठी कोंबडी आठ-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते: अंगाची ऊब वाढते, पोटाखालची पिसं झडतात, जवळ गेलं की फुगून गुरगुरते, आणि अंडी देणं बंद. आता ती बसायला तयार आहे, पण तिच्याखाली तिचीच अंडी घातली पाहिजेत असं नाही. घरातली बाई टोपल्यात भुसा किंवा राख पसरून दहा-बारा निवडक अंडी ठेवते. फार लहान नकोत, फार मोठी नकोत, तडकलेली नकोत, आठवड्याहून जुनी नकोत. ती शेजारणीची असतील किंवा आठवडी बाजारातून आणलेली असतील. शेजारणीकडून आणलेली असली तर पुढे पिल्लांत वाटा. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून पाहायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फळलं, आरपार स्वच्छ दिसलं तर ते परत स्वयंपाकघरात. वैशाखात कोणी बसवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा तो उन्हाळा अंड्याला कोंबडीच्या आधीच उबवायला लागतो, आणि अर्धवट उबलेलं अंडं सडतं. दिवाळी ते शिमगा हा चांगला काळ. या सगळ्या व्यवहारात अंडं हे आधी बियाणं आणि मग अन्न आहे. वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देणाऱ्या कोंबडीचं अंडं रोज तळून खाणारं घर हे पेरणीचं ज्वारीचं बी दळून खाणाऱ्या घरासारखंच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बाजारात अंडी आली ती खाण्यासाठीच आली असणार. बसवण्यासाठी कोण पैसे देऊन अंडी घेईल? नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ची, आणि गोऱ्या फौजेला न्याहारीला अंडी लागत. पुढे एकीकडे इटारसी-नागपूर मार्गावरचं पांढुर्णा आणि दुसरीकडे छिंदवाडा-नागपूर छोट्या रेल्वेवरचं सौंसर नागपूरच्या बाजाराला जोडलं गेलं. म्हणजे गिऱ्हाईक होतं, आणि ते खाणारंच होतं. हे मला मान्य आहे. पण खाणारा आणि बसवणारा ही गिऱ्हाइकं तेव्हा एकाच टोपलीतून अंडी उचलत होती, इकडे लक्ष द्यायला हवं. गावात कोंबडे मोकळे फिरत, आणि एकदा कोंबड्याशी संग झाला की कोंबडीची पुढची आठ-दहा दिवसांची अंडी फळलेली निघतात. खाण्याचं अंडं वेगळं काढायचं म्हटलं असतं तरी ते शक्य नव्हतं. गिऱ्हाईक बदललं म्हणून अंडं बदलत नव्हतं.

बसवण्यासाठी बाहेरून अंडी आणण्याची गरजही खरी होती. तिची दोन कारणं. एक म्हणजे कोंबड्यांतली मरी. मानमोडीचा रोग १९२७मध्ये कुमाऊंतल्या रानीखेत इथे भारतात प्रथम नोंदला गेला आणि तेच नाव त्याला चिकटलं. हा रोग आला की चार दिवसांत वाडीच्या वाडी रिकामी होते. मग कुळी पुन्हा उभी करायची ती बाहेरच्या गावच्या अंड्यांतून किंवा पिल्लांतून. अंडी स्वस्त पडतात, वाटेत मरत नाहीत आणि रोगट आहेत की काय ही धास्तीही कमी. फक्त शेजारी एखादी खुडूक कोंबडी उरलेली असावी लागते. दुसरं कारण देवाचं. या जिल्ह्यातल्या गोंडांकडे कोंबडं हा पूजेचा भाग आहे, आणि कोणत्या देवाला काळं, कोणाला पांढरं, कोणाला तांबडं हे ठरलेलं असतं. बळीआधी त्याच्यापुढे तांदळाचे दाणे टाकतात. त्याने ते टिपले तरच देवाने स्वीकारलं. अशा घराला रंगांचे वाण लागतात, आणि हव्या त्या रंगाच्या कोंबडीची अंडी शोधून आणून बसवणं हा ते मिळवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. एकाच साच्यातल्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीचा इथे काय उपयोग?

अंडं आणि पिल्लू यांची ताटातूट कोंबड्याला बाजूला सारून झाली. यंत्राने उबवणं स्वतः नवीन नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत, आणि फ्रान्सच्या रेओमूरने १७४९मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. पण त्या भट्ट्यांतलं अंडं फळलेलंच असे. यंत्राने फक्त आईचं काम घेतलं, बापाला हात लावला नाही. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तर प्रदेशातल्या एटा इथे अमेरिकन मिशनऱ्यांनी विलायती जातींचा फार्म काढला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत केंद्र सरकारने मुंबईसह काही ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट फार्म उभारले. साठच्या दशकात संकरित लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या, आल्या. १९७१मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांची वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन झाली, पुढे पुणे तिचं केंद्र झालं, आणि १९८२मध्ये अंड्याचा भाव उत्पादकांनी ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. या पंधरा-वीस वर्षांत अंड्याचे दोन धंदे झाले. एका ठिकाणी कोंबड्यांसह पैदाशीचे कळप, ज्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघतात आणि ती अंडी दुकानात येत नाहीत. दुसरीकडे पिंजऱ्यांतल्या नुसत्या माद्या, ज्यांची अंडी दुकानात येतात आणि पिल्लं देत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी कोंबडा ठेवणं म्हणजे फुकटचं खाद्य. लेयरच्या पिल्लांतले नर तर जन्मल्या दिवशीच निकालात काढतात. शिवाय वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या या कोंबडीतून खुडूक होण्याची सवयच निवडीने काढून टाकली आहे.

या बदलाने नुसतं नुकसान झालं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. वांझ अंडं उन्हात उबत नाही, म्हणून ते जास्त टिकतं. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात हा लहान गुण नाही. मजुराच्या ताटात रोज अंडं आलं ते या वांझ अंड्यामुळेच. याच अंड्याने आणखी एक दार उघडलं. गांधीजींनी १९४२मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे लिहिलं, त्यात निर्बीज अंड्याचा विचार आहे. दूध घेणाऱ्याने त्याला हरकत घेऊ नये, असा त्यांचा कल दिसतो. पुढे धंद्याने हाच युक्तिवाद उचलून ‘शाकाहारी अंडं’ विकलं. सरकारं मात्र याने फारशी बधली नाहीत. २०१५मध्ये मध्य प्रदेशने अंगणवाडीत अंडी द्यायला नकार दिला. सीमेपलीकडे वरुड-नरखेडच्या शाळांत महाराष्ट्राने २०२३पासून आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवला. बाप नसलेल्या अंड्यालाही जात चुकली नाही, असंच म्हणायचं.

यापेक्षा वजनदार आक्षेप प्रगतीचा आहे. साठ अंड्यांच्या जागी तीनशे मिळत असतील तर खुडूक कोंबडीसाठी गळा कशाला काढायचा? सौंसरचा कापूसवाला याचं उत्तर जाणतो. १९७०मध्ये सुरतहून एच-४ ही संकरित कपाशी आली, उतारा वाढला, आणि घरची सरकी पेरणं थांबलं. बी दरवर्षी विकत घेणं आलं. कोंबडीचंही तसंच झालं. खाण्याचं अंडं स्वस्त झालं, पण बियाण्याचं अंडं घराबाहेर गेलं आणि मोजक्या कंपन्यांच्या कळपांत अडकलं. दोन्ही खरं आहे, आणि पहिलं दुसऱ्याची भरपाई करत नाही. शिवाय परसातली कोंबडी संपलेली नाही. २०१९च्या पशुगणनेत देशभरात परसातल्या कोंबड्या ३१.७ कोटी भरल्या, २०१२पेक्षा ४५.८ टक्क्यांनी जास्त. व्यापारी फार्मांतली वाढ त्याच काळात ४.५ टक्के. ज्या पद्धतीला मागासलेली म्हणून निरोप दिला, तीच वेगाने वाढते आहे.

वाढते आहे ती मात्र निम्म्याहून बदललेल्या रूपात. योजनांतून गरीब घरांना वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जातींची, साधारण चार आठवडे वाढवलेली पिल्लं देतात. जबलपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने कडकनाथच्या संकरातून नर्मदानिधी काढली, तीही अशाच परसांसाठी. या कोंबड्या गावठीपेक्षा जास्त अंडी देतात आणि कोंबडा सोबत असेल तर ती अंडी फळतातही. पण त्या खुडूक फारशा होत नाहीत, आणि त्यांच्या पिल्लांत आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून योजनेच्या पिल्लांची दुसरी पिढी काढायची तर शेजारच्या गावठी कोंबडीखाली अंडी सरकवावी लागतात, किंवा पन्नास अंड्यांचं विजेवरचं यंत्र घ्यावं लागतं. यंत्राला भारनियमन आडवं येतं. आणि एकविसाव्या दिवशी यंत्राचं काम संपतं; गावठीचं तिथे सुरू होतं. पहिला आठवडाभर पिल्लाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, ती ऊब गावठी पंखाखाली देते. पुढे दोन महिने ती उकिरडा उकरून दाखवते, आणि घारीची सावली पडली की कोणत्या आवाजाला कुठे दडायचं हेही शिकवते. संकराच्या पिल्लांनी गावठी कळप भरत गेले की त्यांत खुडूक बसणाऱ्या माद्या दर पिढीला कमी होतात, म्हणजे सुधारित अंडी जिच्याखाली घालायची तीच हळूहळू नाहीशी होते. पांढुर्ण्याच्या बाजारात आज गावरान अंड्याला पांढऱ्याहून जास्त भाव मिळतो तो चवीसाठी. त्यात बियाण्याची किंमत अजून कोणी धरलेली नाही.