मोटार विमा, वर्तनाधारित

चालकाच्या प्रत्यक्ष वाहनचालनाची नोंद घेऊन मोटार विम्याचा हप्ता ठरविण्याची पद्धत. परंपरेने हा हप्ता वय, निवासस्थान, वाहनाचा प्रकार व पूर्वीचे अपघात यांवरून ठरविला जातो. त्यामुळे सावध चालकालाही आपल्या गटातील बेफिकीर चालकांच्या जोखमीचा भार सोसावा लागतो. हप्त्याच्या आकारणीतून वाहनवापराचा खरा खर्च चालकाला जाणवत नाही, अशी टीका अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६८ मध्ये केली. १९९८ मध्ये प्रोग्रेसिव्ह या अमेरिकन कंपनीने टेक्सस राज्यात उपग्रहांच्या साहाय्याने वाहनाचा वापर नोंदवून हप्ता आकारण्याचा प्रयोग केला. पुढे अंतराबरोबरच वेग, अचानक लावलेले ब्रेक व रात्रीचा प्रवास यांचीही नोंद होऊ लागली. भारतात विमा नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरती अशा पूरक योजनांस अनुमती दिली.

या पद्धतीत सावधपणास सवलत मिळते. परंतु रात्रपाळीच्या कामगाराचा अपरिहार्य प्रवासही जोखमीत गणला जाऊ शकतो. जनरल मोटर्सने चालकांच्या स्पष्ट संमतीविना अशा नोंदी विकल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ मध्ये केला. गटाऐवजी व्यक्तीचा विचार करणारी ही पद्धत त्या व्यक्तीच्या खाजगी हालचालींवर पाळत ठेवूनच चालते, हा तिच्यातील मूलभूत पेच होय.