मत्स्यविनोद, महाराष्ट्रातील

मत्स्यविनोद : उदरनिर्वाहासाठी नव्हे, तर करमणुकीसाठी गळाने मासे पकडण्याचा छंद. हा छंद इंग्रजांनी भारतात आणला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या मानसोल्लास (सु. ११२९) ह्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. इंग्रजीतील गळाच्या मासेमारीवरील पहिली मुद्रित पुस्तिका १४९६ मधील असून आयझाक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मधील आहे, हे लक्षात घेतले म्हणजे सोमेश्वराच्या लेखनाचे महत्त्व कळून येते.

ह्या प्रकरणात सु. ३५ प्रकारच्या माशांची माहिती आहे. त्यांचे समुद्रातील व नद्यांतील, तसेच खवले असलेले व नसलेले, असे वर्ग पाडलेले आहेत. कल्याणी हे समुद्रापासून दूर असले, तरी चालुक्यांची सत्ता कोकणातही मान्य असल्याने खाऱ्या पाण्यातील माशांचा उल्लेख आश्चर्यकारक नाही. कोणत्या माशाला कोणते आमिष आवडते, त्याला आधी चारा घालून ठराविक जागी कसे आणावे, दोरी व काठी कशी असावी, यांचे विवेचन त्यात येते. तीळकुटाचे व भाताचे गोळे आजही नदीकाठचा हौशी गळकरी वापरतो. ह्या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये वेधले. राजाचा विनोद असला, तरी त्यातील ज्ञान नदीवर राबणाऱ्या लोकांकडूनच आले असले पाहिजे. त्यांची नावे मात्र ग्रंथात नाहीत.

त्यानंतरच्या काही शतकांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन करताना पुण्याजवळील मुळा-मुठेतील महसीराला शास्त्रीय नाव दिले (टॉर खुद्री). मंगळूरकडे नोकरीस असलेल्या एच्. एस्. टॉमस याच्या द रॉड इन इंडिया (१८७३) ह्या पुस्तकाने महसीर हा गोऱ्या अधिकाऱ्यांचा आवडता मासा ठरला. सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने बंदी घातली. मुंबईत पवई तलाव हे हौशी गळकऱ्यांचे केंद्र झाले, तर किनाऱ्यावरील खडक व धक्के येथे खाऱ्या पाण्यातील मासेमारी चालू राहिली. जिताडा व रावस ह्या माशांना तेथे विशेष मान असतो.

महसीराचे भाग्य मात्र पालटले. देहू येथे इंद्रायणीच्या डोहातील मासे भाविक पवित्र मानतात व मारीत नाहीत. तरीही मार्च २०२४ मध्ये त्याच नदीत महसीरांसह पुष्कळ मासे मरून वर आले. गळापेक्षा सांडपाणी अधिक घातक ठरले, असे म्हणणे भाग आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकापासून महसीराची कृत्रिम पैदास करून बीज इतर राज्यांनाही पुरविले.

मुळा-मुठा व इंद्रायणी ह्यांचे पाणी भीमेतून खाली उजनीच्या जलाशयात येते. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. इंदापूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांची सुपीक जमीन त्यात बुडाली आणि ज्यांच्या पिढ्या शेतीत गेल्या, त्यांतील काही जण भोयांबरोबर होडी व जाळे घेऊन पाण्यावर उतरले. भिगवण हा माशांचा मोठा बाजार बनला. जलाशयात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यात आले. पण मूळच्या आफ्रिकेतील व १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने, म्हणजे तेथील बोलीतील चिलापीने, फार मोठी जागा व्यापली. हौशी गळकऱ्याच्या गळालाही तीच अधिक लागते. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते आणि विस्थापित कुटुंबे होडीने तेथे दर्शनास जातात.