एका नटावर अडलेला कायदा

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. रायफलच्या नळीच्या टोकाला बोटाएवढा एक खाचा पाडलेला लोखंडी तुकडा असतो. एआर-१५ जातीच्या रायफलींवर तो साध्या आट्यांवर बसतो. आट्यांचा व्यास अर्धा इंच, आणि इंचाला २८ आटे. अमेरिकेतले हौशी लोक व्हाइस, पाना आणि एक वॉशर घेऊन तो घरीच बदलतात. बेसिनचा नळ बदलण्याइतकंच काम. पण याच तुकड्यावर तिथला राष्ट्रीय कायदा दहा वर्षं अडून बसला होता!

आधी हा तुकडा करतो काय ते बघू. गोळी सुटली की तिच्यामागून पूर्ण न जळलेले वायू बाहेर येतात आणि हवा लागताच भडकतात. अंधारात या झोताने नेम धरणाऱ्याचेच डोळे दिपतात. 'फ्लॅश हायडर' तो झोत फोडून कमी करतो. व्हिएतनाममधल्या एम-१६ वर सुरुवातीला तीन उघड्या दातांचा हायडर होता. तो वेलींत अडकायचा, म्हणून पुढे बंद टोकाचा, पिंजऱ्यासारखा आला. याचा चुलतभाऊ 'मझल ब्रेक'. तो वायू बाजूला फेकून खांद्याला बसणारा धक्का कमी करतो. गंमत म्हणजे दोघंही बसतात त्याच आट्यांवर, आणि दिसायलाही बरेचदा सारखेच.

आता कायदा. १३ सप्टेंबर १९९४ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी 'असॉल्ट वेपन्स'वरच्या बंदीवर सही केली. पण असॉल्ट वेपन म्हणजे नक्की काय? काही बंदुका नावानिशी दिल्या होत्या. बाकीच्यांसाठी होती चेकलिस्ट. मॅगझिन काढता येणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल असेल, आणि पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगिनीची खुंटी, फ्लॅश हायडर (किंवा त्यासाठीचे आटे) आणि ग्रेनेड लाँचर यांतल्या दोन गोष्टी तिच्यावर असतील, तर ती बंद.

आम्हा प्रोग्रामर लोकांना पुढचं सांगायला नकोच. टेस्ट केस आधीच हातात दिली की कोड तेवढ्यापुरताच पास होतो. एआर-१५ ची मूठ हा एक गुण, तो ठेवला. खुंटी आणि हायडर गेले, आटे गेले. काहींनी ब्रेक बसवून तो वेल्डिंगने कायमचा पक्का केला, म्हणजे पाना लावून काढायचा प्रश्नच नको. गोळी तीच, वेग तोच. आणि बंदीच्या आधीपासून लोकांकडे असलेल्या रायफली जशाच्या तशा चालत होत्या. म्हणजे आदल्या दिवशीच्या रायफलवर हायडर कायदेशीर, आणि नंतर बनलेल्या तशाच रायफलवर तोच नट आवळणं गुन्हा!

त्याच कायद्यात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरही बंदी होती. माझ्या मते खरा मुद्दा तो होता, कारण ती अट बंदूक काय करते याबद्दल होती. हायडरची अट ती कशी दिसते याच्या जास्त जवळची होती. २००४ मध्ये मुदत संपली आणि दोन्ही गेल्या.

हे सगळं नुसतं गमतीचं नाही. १४ डिसेंबर २०१२ ला न्यूटाउनच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. कनेक्टिकट राज्यात १९९३ पासून बंदी होती, तरी ती रायफल रीतसर विकत घेतलेली होती.

महिन्याभरात न्यूयॉर्क राज्याने नवा कायदा आणला. दोनऐवजी एकच गुण पुरे, आणि यादीत मझल ब्रेकही. पण घाईत 'ब्रेक'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलं! गाडीच्या ब्रेकऐवजी मोडण्याचा ब्रेक छापला गेला. २०१३ च्या डिसेंबरात एका फेडरल न्यायाधीशांनी तो शब्द संदिग्ध म्हणून रद्द केला. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो परत आणला. दोन्ही उच्चार सारखेच, सामान्य माणसाला अर्थ कळतो, असं त्यांचं म्हणणं. कायदा देवनागरीत असता तर ही चूक कुणाला दिसलीच नसती.

आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा याच तुकड्याकडे वेगळ्या वाटेने जातो. बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करण्यासाठी बनवलेली वस्तू 'अग्निशस्त्रा'च्या व्याख्येतच बसते. म्हणजे नुसता नटसुद्धा बंदूकच! तो कसा दिसतो याची यादी नाही, तो काय करतो हे एका ओळीत.

ही ओळ लिहिणाऱ्यांचं काम सोपं होतं हे मान्य, कारण इथे मुळात बंदूकच परवान्याशिवाय मिळत नाही. तरीही सोमवारी ऑफिसात कुणी रिक्वायरमेंटची लांबलचक यादी पुढे टाकली, की मी आधी एकच प्रश्न विचारतो: यातून आपल्याला नक्की थांबवायचंय काय?

असो. पुढच्या शनिवारी भेटू.