‘वारसा’ म्हणता? मग तारीख सांगा!

१७ जून २०१५. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात, कृष्णवर्णीयांच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलचा अभ्यासवर्ग सुरू होता. एक गोरा तरुण आत आला. लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतले. तासाभराने त्याने पिस्तूल काढले आणि नऊ जणांचे जीव घेतले. मृतांमध्ये चर्चचे धर्मगुरू क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. पुढे मारेकऱ्याचे फोटो सापडले. त्यात त्याच्या हाती एक झेंडा होता : लाल कापड, त्यावर निळी तिरपी फुली आणि फुलीत पांढरे तारे.

तोच झेंडा त्या दिवशी राज्याच्या विधिमंडळासमोरही फडकत होता. दुखवटा म्हणून राष्ट्रध्वज आणि राज्याचा ध्वज अर्ध्यावर आणले गेले. हा मात्र खांबाच्या टोकाला तसाच राहिला, कारण त्याला कायद्याचे संरक्षण होते. पिंकनी यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी त्याच इमारतीत आणले तेव्हा बाहेरचा झेंडा दिसू नये म्हणून खिडकीवर काळा पडदा लावावा लागला. झेंडा हलवता येत नाही, म्हणून पडदा!

या झेंड्याच्या समर्थकांचा युक्तिवाद एका शब्दात मावतो : ‘वारसा’. आमच्या पूर्वजांनी राज्यांच्या हक्कांसाठी लढताना हा झेंडा धरला, यात द्वेष कसला, असे ते विचारतात. हा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. म्हणून तो तपासून घेतला पाहिजे. आमची कसोटी साधी आहे. वारसा म्हणता ना, मग तारीख सांगा. हा झेंडा कधी उभारला, आणि त्या वेळी काय चालले होते?

पहिली तारीख, डिसेंबर १८६०. साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाले आणि त्याने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मुख्य तक्रार कोणती? उत्तरेकडची राज्ये पळून गेलेले गुलाम परत करत नाहीत, ही! म्हणजे इतर राज्यांनी आपला हक्क वापरला, हेच यांचे दुखणे होते. ‘राज्यांचे हक्क’ या युक्तिवादाचे उत्तर त्यांच्याच पूर्वजांनी लिहून ठेवले आहे. मार्च १८६१ मध्ये बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथील भाषणात सांगून टाकले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, हा आमच्या सरकारचा पाया आहे. त्या वेळी अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसे गुलाम होती. साउथ कॅरोलिनात तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. मग ‘आमचे पूर्वज’ म्हणताना ही निम्मी माणसे कुठे जातात?

१८६५ मध्ये बंडखोर हरले आणि गुलामी कायद्याने संपली. झेंडाही खाली आला. मग तो परत वर कधी गेला?

मिसिसिपी राज्याने १८९४ मध्ये हे चिन्ह आपल्या राज्यध्वजात घातले. त्याच्या चारच वर्षे आधी, १८९० मध्ये, तिथे नवे संविधान करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला होता.

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड वर्णविभाजन टिकवण्यासाठी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले. त्यांच्या समर्थकांच्या हातात हाच झेंडा होता.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात एकत्र केलेला एक खटला साउथ कॅरोलिनातल्याच क्लॅरेंडन काउंटीतील कृष्णवर्णीय पालकांचा होता. त्यांनी सुरुवातीला फक्त मुलांसाठी शाळेची बस मागितली होती! दोनच वर्षांत, १९५६ मध्ये, शेजारच्या जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात हे चिन्ह आणले. १९६१ मध्ये युद्धाच्या शताब्दीचे निमित्त करून साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळावर झेंडा चढला आणि १९६२ मध्ये त्यासाठी ठराव झाला. शताब्दी संपली, झेंडा मात्र उतरला नाही.

तारखा ओळीने ठेवा. कृष्णवर्णीय माणूस एक पायरी चढला की झेंडा एक खांब वर चढतो. याला पूर्वजांचे स्मरण म्हणत नाहीत. याला धमकी म्हणतात.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. त्या सैन्यातले बरेच शिपाई गरीब होते, त्यांच्याकडे गुलाम नव्हते. त्यांच्या वंशजांनी त्यांच्यासाठी रडू नये काय? जरूर रडावे. कबरीवर फूल वाहायला कुणाची हरकत नाही. पण विधिमंडळ ही कबर नाही. तिथला खांब सर्वांच्या करातून उभा राहतो, आणि ज्यांच्या पणजोबांना विकले गेले त्यांचाही कर त्यात असतो.

झेंडा खाली आला तो कुणाच्या उपकाराने नाही. एनएएसीपी या संघटनेने २००० पासून राज्यावर आर्थिक बहिष्कार टाकला. त्याच वर्षी तडजोड होऊन झेंडा घुमटावरून उतरला, पण विधिमंडळासमोरच्या स्मारकाशी उभा राहिला. वर अशी तरतूद की, दोन-तृतीयांश मतांशिवाय त्याला हात लावायचा नाही. चार्ल्सटनच्या हत्याकांडानंतर, २७ जून २०१५ रोजी, ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी ३० फूट खांब चढली आणि तिने तो उतरवला. तिला अटक झाली, आणि झेंडा थोड्याच वेळात पुन्हा चढला. अखेर १० जुलैला तो कायद्याने उतरला.

कायद्यावर सही गव्हर्नर निक्की हेली यांची होती. त्या पंजाबी स्थलांतरितांच्या कन्या. ही सही महत्त्वाची होतीच. पण याच हेलीबाईंनी २०१४ च्या प्रचारात सांगितले होते की, कुठल्याही कंपनीच्या प्रमुखाने या झेंड्याबद्दल आपल्याकडे तक्रार केलेली नाही. तक्रार करणारे होते, पण ते कंपन्यांचे प्रमुख नव्हते. नऊ प्रेते पडल्यावर ती ऐकू आली.

मिसिसिपीने २००१ मध्ये सार्वमत घेऊन जुना ध्वज राखला होता. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा २०२० मध्ये तोही गेला. बहुमत आपल्या बाजूने नव्हते म्हणून तिथले लोक १९ वर्षे गप्प बसले नाहीत, हेही लक्षात ठेवा.

या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली. आपल्या महापुरुषांनी दोन्ही वेदना शेजारी ठेवून वाचल्या.

म्हणून हीच कसोटी आपण घरीही लावू. जयपूरला राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा उभा आहे. ‘प्राचीन परंपरा’ म्हणणाऱ्यांना तारीख विचारा. तो १९८९ मध्ये बसवला. महाडला १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर ६२ वर्षांनी, आणि संविधान लागू झाल्यानंतर ३९ वर्षांनी! न्यायाधीशांनी तो हटवायचे ठरवले होते, पण प्रकरण स्थगितीत अडकले.

मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी ‘वारसा’ म्हणाले तर आवाज चढवू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. कधी उभारले? कुणी उभारले? त्या वर्षी कोण मान वर काढत होते? उत्तरे शोधायला ग्रंथालयात जावे लागेल. बाबासाहेबांनी आपल्याला तीच वाट दाखवली आहे.

जय भीम!