दूधगंगेचा पूल आणि आज्जाची वाट

पुणे-बंगळूर रस्ता कोल्हापूर सोडून दक्षिणेला निघाला की कागलजवळ दूधगंगा लागते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. आजच्या मोटारीला हा पूल ओलांडायला मिनिटही लागत नाही. तरी सीमाभागाचा इतिहास शिकवताना मी भिंतीवरच्या नकाशाआधी या पुलाचे नाव घेतो. येथे एकावर एक अशा दोन हद्दी आहेत आणि आपल्या मुलांना त्यांपैकी एकच ठाऊक असते.

ठाऊक असलेली हद्द १ नोव्हेंबर १९५६ ची. राज्य पुनर्रचनेत त्या दिवशी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे मुंबई राज्याचे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. दुसरी हद्द याहून जुनी. कागल ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर. शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले ते कागलच्याच घाटगे घराण्यातून. निपाणी मात्र ब्रिटिश मुलखातल्या बेळगाव जिल्ह्यात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ही जुनी हद्द पुसली गेली. त्यानंतर पुरती आठ वर्षे होण्याआधीच त्याच परिसरात नवी रेघ उमटली.

ही गोष्ट मी पदव्युत्तर वर्गात शिकलो नाही. ती शिकलो उन्हाळ्याच्या सुट्टीत, आज्जाच्या मांडीला मांडी लावून एस.टी.च्या बाकावर बसताना. आमच्या पिढीचे आजोबा ब्रिटिश अमदानीत जन्मलेले. घराचा उंबरा न बदलता निपाणीच्या माणसाने मुंबई इलाखा, मुंबई राज्य, म्हैसूर राज्य आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक, असे चार पत्ते पाहिले. आज्जा म्हणायचा, "आम्ही कुठं गेलो नाही रे बाळ, सरकारच आलं आणि गेलं."

निपाणीला रेल्वे नाही. बेळगावला आहे, कोल्हापूरला आहे. निपाणीची तंबाखू आणि माणसे यांना मात्र रस्ताच. म्हणून आमच्या घराचा सारा इतिहास या एका रस्त्यावर घडला. मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. छप्पन्न सालानंतर आमच्या भागातल्या गाड्या म्हैसूरच्या झाल्या, त्र्याहत्तरनंतर कर्नाटकाच्या. पाट्यांची लिपी बदलली. आज्जी मात्र शेवटपर्यंत दोन्ही राज्यांच्या गाडीला 'येष्टी'च म्हणत राहिली. तिला दोन्ही लिप्या वाचता येत नव्हत्या. गाडी कुठली हे ती कंडक्टरच्या बोलण्यावरून ओळखायची. तोही "पुढं सरका" आणि "मुंदक्क होगरी" एका दमात म्हणून मोकळा व्हायचा.

सुट्टीतल्या दोन फेऱ्या ठरलेल्या. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास उत्तरेला जोतिबा, आणि मे महिन्यात दक्षिणेला बेळगाव, आत्याकडे. बरोबर वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या व शेंगाचटणी. जोतिबाच्या वाटेवर यमगर्णीजवळ वेदगंगा आणि पुढे दूधगंगा आली, की आज्जी खिडकीतून नाणे टाकून हात जोडायची. हद्दीवर टाकायला तिच्याकडे काही नव्हते, कारण तिच्या हिशेबी तेथे फक्त नदी होती. त्याच रस्त्याने बेळगावकडच्या बैलगाड्या गुलाल उधळीत जोतिबाच्या डोंगराकडे जाताना दिसत. मार्गशीर्षात कोल्हापूरकडची माणसे यल्लम्मासाठी सौंदत्तीला उतरत. देवदर्शनाचा हा उलटसुलट प्रवाह हद्दीच्या कोणत्याच नकाशावर सापडत नाही.

बेळगावची वाट सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. तवंदीचा घाट आला, की आज्जा स्तवनिधीचे जैन क्षेत्र दाखवी. संकेश्वरला हिरण्यकेशी, आणि तिथल्या लाल मिरचीचा बाजार. मराठीत हसतखेळत बोलणारी आज्जी मिरचीचा भाव करताना कानडीत शिरायची; मराठीत भाव उतरत नाही असे तिचे ठाम मत होते. बेळगावच्या अलीकडे काकती लागे. "कित्तूरची राणी चन्नम्मा या गावची लेक," असे आज्जा दरवर्षी सांगायचा.

हाच आज्जा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन आलेला होता. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तो त्याला तारखेसह पाठ होता. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांचे नाव निघाले, की तो गप्प होई. त्याचे दुःख खरे होते, आणि चन्नम्माचा अभिमानही खरा होता. या दोहोंत त्याला कधी विसंगती वाटली नाही. आज आपण मुलांच्या हाती त्यातला एकच अर्धा भाग देतो, आणि तो इतिहास म्हणून देतो.

महाजन आयोगाचे उदाहरण घ्या. आयोग १९६६ च्या ऑक्टोबरात नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला. २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस होती. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राकडे. बेळगाव शहर मात्र म्हैसूरमध्येच. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तो धरून बसले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निकाल अजून नाही. हे सारे आपल्याला माहीत आहे. पण आज्जाने या अहवालाचा अर्थ एका वाक्यात सांगितला होता: "आपलं घर तिकडं आणि तुझी आत्या इकडंच." अहवाल जसाच्या तसा लागू झाला असता, तर हद्द निपाणी-बेळगावच्या दरम्यान, म्हणजे आमच्या सुट्टीच्या वाटेवरच पडली असती. गावांच्या यादीत हे दिसत नाही. ते दिसायला सोयरिकीचा नकाशा लागतो.

१९८१ साली या रस्त्याने आणखी एक धडा दिला. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. मार्चमध्ये सुरू झालेले हे आंदोलन ६ एप्रिलला मोडून काढण्यात आले. गोळीबारात शेतकरी मारले गेले. त्या चैत्रात आमचे जोतिबाला जाणे झाले नाही. त्या बसलेल्या माणसांत मराठी बोलणारेही होते, कानडी बोलणारेही. तंबाखूचा पडलेला भाव दोघांनाही सारखाच होता.

आता रुंद रस्ता गावांना वळसा घालून जातो. बेळगावचे सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी झाले. काच वर केलेल्या गाडीतल्या नातवाला हिरण्यकेशी कधी गेली हे कळत नाही. हद्द मात्र त्याला कळते, कारण ती बातम्यांत असते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये वाद चिघळून दोन राज्यांमधली बससेवा विस्कळीत झाली. वाद कोणाचाही असो, अडकले ते पिशवीत खाऊ घेऊन लेकीकडे निघालेले म्हातारे जीव.

म्हणून मी सुट्टीच्या अभ्यासात तीनच प्रश्न देतो. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा: लहानपणी सुट्टीत कुठे जात होता? कोणत्या गाडीने वा बैलगाडीने, कोणत्या नद्या ओलांडून? वाटेत कोणाशी कोणत्या भाषेत बोलत होता? उत्तर मराठीत आले तर मराठीत लिहा, कानडीत आले तर कानडीत लिहा. ही मुले वह्या आणतात तेव्हा एकेका पानावर चंदगड, गडहिंग्लज, हुक्केरी, चिकोडी, खानापूर अशी गावे एका ओळीत येतात, मध्ये राज्याचे नाव न येता.

छप्पन्न साल उघड्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्या साक्षी कोणत्याही न्यायालयात नोंदल्या जाणार नाहीत. या दिवाळीत फराळाच्या ताटावर घरातले कोणी आज्जा-आज्जी भेटले, तर वही-पेन्सिल जवळ ठेवा आणि त्यांना त्यांची वाट विचारा.